दीर्घकालीन आजारांचा भार कोणत्या वयावर किती, आणि मर्यादित निधी कुठे घालावा?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तराची दिशा स्पष्ट राहील. आपण एका लहान धर्मादाय न्यासाचे विश्वस्त आहात. आरोग्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम निघते आणि यंदा ती दीर्घकालीन आजारांवर खर्च करायचे ठरले आहे. बैठकीत दोन मते पडली. काही विश्वस्तांच्या मते मधुमेह, हृदयविकार, कर्करोग हे उतारवयाचे आजार असून जगातले तीन-चतुर्थांश मृत्यू त्यांनीच होतात, तेव्हा पैसा ज्येष्ठांवर खर्च व्हावा. उरलेल्यांचे म्हणणे असे, की हे आजार आता तरुणांत शिरले आहेत, म्हणून शाळा-महाविद्यालयांत काम करावे. दोन्ही बाजूंनी जागतिक अहवालांतील आकडे पुढे केले आणि आपण विचारता, की यांत खरे कोणाचे.

दोन्ही बाजूंचे आकडे बहुधा बरोबरच असतील. पेच वेगळा आहे. माणूस कोणत्या वयात दगावतो, त्याचा आजार कोणत्या वयात सुरू होतो आणि तो अडवण्याची चांगली संधी कोणत्या वयात असते, ही तीन वये एकमेकांपासून बरीच दूर असतात, आणि बातमीत त्यांतले एकच छापून येते. मी सामुदायिक वैद्यकशास्त्राचा डॉक्टर आहे. ग्रामीण आणि निमशहरी भागांत रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांचा पाठपुरावा करणे आणि आरोग्याची आकडेवारी तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे पुढचे विवेचन त्याच अनुभवातून आले आहे.

आधी मृत्यूंचा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये असंसर्गजन्य, म्हणजे आपल्या चर्चेतल्या दीर्घकालीन आजारांनी किमान ४ कोटी ३० लाख लोक दगावले. महासाथीशी संबंधित मृत्यू वगळले, तर हे प्रमाण एकूण मृत्यूंच्या ७५ टक्के भरते. यांपैकी सुमारे १ कोटी ८० लाख माणसे सत्तरी गाठण्याआधीच गेली. म्हणजे मोठा वाटा ज्येष्ठांचा आहे हे खरे, परंतु पाचांतले दोन मृत्यू सत्तरीच्या आतले आहेत हेही तितकेच खरे. आणि या अकाली मृत्यूंपैकी ८२ टक्के मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. भारत त्यांतच मोडतो.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते. जपानमध्ये निम्मी लोकसंख्या ४८-४९ वर्षांच्या पुढची आहे, भारतात हे मध्यवय २८ च्या आसपास आहे, तर आफ्रिकेतल्या नायजरमध्ये ते अवघे १५ च्या जवळ आहे. जिथे वृद्ध जास्त, तिथे हृदयविकाराने होणारे मृत्यूही जास्त दिसणारच. त्यावरून जपानी माणसाचे हृदय दुबळे ठरत नाही. म्हणून दोन देशांची किंवा दोन काळांची तुलना करताना वयाचा परिणाम वगळून दर काढावा लागतो, अथवा ‘तिशीत असलेली व्यक्ती सत्तरीच्या आत हृदयविकार, कर्करोग, मधुमेह किंवा श्वसनाच्या जुनाट आजाराने दगावण्याची शक्यता किती’ असा थेट प्रश्न विचारावा लागतो. जगासाठी ही शक्यता २००० मध्ये २२.९ टक्के होती, ती २०१९ पर्यंत १७.८ टक्क्यांवर आली. भारतात ती अजून २२ टक्क्यांच्या आसपास आहे आणि जपानमध्ये साधारण ८ टक्के. लोकसंख्या वाढली आणि तिचे वय वाढले, म्हणून मृतांची संख्या वाढत गेली, पण एकेका माणसाचा धोका मात्र कमी होत गेला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यामुळे एकच अहवाल वाचून एक विश्वस्त चिंतित होतो आणि दुसरा निश्चिंत.

‘तरुणांत इतके टक्के वाढ’ अशी बातमी वाचताना मी नेहमी मूळ संख्या शोधतो. एखादा कर्करोग पस्तिशीच्या आत फारच थोड्यांना होत असेल, तर त्यात झालेली मोठी टक्केवारीची वाढही साठीतल्या किरकोळ वाढीपेक्षा कमी रुग्ण दाखवते. अशी वाढ संशोधकांनी गांभीर्याने घ्यावी, कारण ती काहीतरी नवे घडत असल्याची खूण असते. मात्र मर्यादित रक्कम कुठे खर्च करावी हे ठरवायला ती पुरेशी नाही.

केवळ मृत्यू मोजल्याने होणारे नुकसान नव्वदच्या दशकात ठळकपणे पुढे आले. ख्रिस्तोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ यांच्या पुढाकाराने आजारांच्या जागतिक भाराचा अभ्यास सुरू झाला आणि जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालातून त्याची मोजपट्टी सर्वांसमोर आली. तिच्यात दोन गोष्टींची बेरीज असते. एक, अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे. दुसरी, आजारासह काढलेली वर्षे, त्या आजाराच्या तीव्रतेप्रमाणे कमी-जास्त वजन देऊन. पंचेचाळिशीत हृदयविकाराने गेलेला माणूस या हिशेबात चाळीसहून अधिक वर्षे गमावतो, तर ऐंशीव्या वर्षी गेलेला दहाच्या आसपास. उलट विशीपासून नैराश्याने त्रस्त असलेली आणि दीर्घायुषी ठरलेली स्त्री मृत्यूच्या नोंदीत कुठेच दिसत नाही, पण इथे तिची वर्षानुवर्षे मोजली जातात. सुरुवातीला या मोजणीत तरुणपणीच्या वर्षांना बालपणापेक्षा आणि वार्धक्यापेक्षा जास्त मोल दिले होते. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि २०१० च्या आवृत्तीपासून ते वजन काढून टाकले गेले. मला तो बदल योग्य वाटतो. एका वर्षाची किंमत जगणाऱ्याच्या वयावरून ठरवण्याचा अधिकार संख्याशास्त्राला नाही.

या मोजपट्टीने वयोगट पाहिले, की चित्र बदलते. दहा वर्षांखालील मुलांत जगभर अजूनही नवजात अवस्थेतील गुंतागुंती, न्यूमोनिया, अतिसार, मलेरिया यांचाच भार वरचढ आहे. दीर्घकालीन आजारांचा वाटा लहान आहे, पण विषमता सर्वांत क्रूर याच वयात दिसते. दरवर्षी शून्य ते एकोणीस वयोगटातील सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब देशांत ३० टक्केही होत नाहीत. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरांटोत लागला, तरी बालवयात मधुमेह झालेली मुले इन्सुलिन किंवा साखर तपासण्याच्या पट्ट्या वेळेवर न मिळाल्यामुळे आजही दगावतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे सर्वाधिक रुग्ण सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मतात, आणि आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत तो आढळतो. घशाच्या साध्या जंतुसंसर्गाची परिणती पुढे हृदयाच्या झडपा निकामी होण्यात होऊ शकते, ती वेळेवर पेनिसिलिन मिळाले तर टळू शकते. या वयात रुग्ण थोडे असतात, पण प्रत्येक रुग्णाला मिळालेल्या उपचाराचे मोल साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यात मोजावे लागते.

साधारण दहा ते चोवीस या वयात रस्ते अपघात आणि आत्महत्या यांच्या जोडीला डोकेदुखीचे विकार, नैराश्य, चिंताविकार आणि पाठदुखी वरच्या क्रमांकांवर येतात. आपल्या बैठकीत बहुधा याकडे कोणाचेच लक्ष गेले नसेल, कारण दीर्घकालीन आजार म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे साखर आणि रक्तदाबच येतात. मानसिक विकारांपैकी सुमारे एक-तृतीयांश चौदाव्या आणि जवळपास निम्मे अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. माझ्याकडे अर्धशिशी म्हणून आलेल्या महाविद्यालयीन मुलामुलींशी झोप, परीक्षा आणि घरची परिस्थिती यांबद्दल शांतपणे बोलले, की अनेकदा मागे दडलेली चिंता किंवा नैराश्य बाहेर येते. त्यांना पुढे समुपदेशक सापडत नाही, ही खरी उणीव आहे. म्हणून शाळेत सरसकट सर्व मुलांची रक्तातली साखर तपासण्याचे शिबिर घ्यावे असा सल्ला मी देणार नाही. त्यातून फारच थोडे हाती लागते. तंबाखूची पहिली पुडी हातात येण्याचे वय, मैदानावर मिळणारा वेळ, ऐकून घेणारा प्रशिक्षित माणूस आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस, या गोष्टी या वयासाठी कितीतरी मोलाच्या आहेत. या एका कर्करोगाने २०२२ मध्ये जगात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया गेल्या. तो प्रामुख्याने मध्यमवयात दिसतो, पण त्याला अडवायचे ते किशोरवयात. तीन वयांमधल्या अंतराचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता तीस ते साठ. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडे अधिक लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात तीस ते एकोणऐंशी वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते, आणि साधारण पाचांतल्या एकाचाच रक्तदाब आटोक्यात असतो. रक्तदाब दुखत नाही. तो चाळिशीत सुरू होतो, दहा-पंधरा वर्षे मूत्रपिंड, डोळे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या झिजवतो आणि पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघात झाला, की नोंद होते ती पंचावन्नाव्या वर्षाची. शिवाय दक्षिण आशियातील लोकांना हे सारे लवकर गाठते. बावन्न देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ आढळले, तर इतरत्र ते ५९ च्या जवळ होते. संशोधकांनी धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेद, पोटाचा घेर हे घटक हिशेबात घेतले, तेव्हा या फरकाचा बराचसा उलगडा झाला. म्हणजे यात आनुवंशिकतेवर सोडून देण्यासारखे थोडे आहे आणि हाताळता येण्यासारखे पुष्कळ आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. इतक्या मोठ्या संख्येने लोक कमावत्या वयात आजारी असतील, तर त्याचे परिणाम केवळ रुग्णापुरते राहत नाहीत. घरच्या कर्त्या माणसाला डायलिसिस सुरू झाले, की आठवड्यातले दोन-तीन दिवस त्याची मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्याची बुडते, आणि मुलांच्या शिक्षणाला पहिली कात्री लागते. हा भार कोणत्याही मोजपट्टीत पुरता उतरत नाही.

या वयातील पुरुष तपासणीला येत नाहीत, हा माझा सततचा अनुभव आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राची वेळ आणि त्यांच्या कामाची वेळ एकच. आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्यांचा प्रश्नांचा तक्ता भरतात, तेव्हा पुरुष शेतावर, कारखान्यात किंवा रिक्षावर असतात. शिबिर भरवले, तर येतात ते बहुतांशी निवृत्त लोक आणि आधीच निदान झालेले रुग्ण. म्हणून शिबिराच्या नोंदवहीवरून ‘हा ज्येष्ठांचा आजार आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे शाळेच्या हजेरीपटावरून गावातल्या मुलांची संख्या ठरवण्यासारखे आहे. संध्याकाळी बाजार समितीत, कारखान्याच्या फाटकाशी, रिक्षातळावर रक्तदाब मोजायला बसले, की अनभिज्ञ रुग्ण सापडू लागतात.

सापडणे ही मात्र केवळ सुरुवात आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने जे साधे सूत्र वापरले, ते मला आजही सर्वांत परिणामकारक वाटते. मोजक्या औषधांचा ठरलेला क्रम, घराजवळच्या केंद्रातून मोफत औषध, प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याला फोन किंवा घरभेट. यात झगमगीत काही नाही आणि उद्घाटनासारखा सोहळाही नाही, परंतु पक्षाघात टळतो तो यातूनच.

केवळ एका वयोगटावर लक्ष ठेवण्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. फिनलंडच्या नॉर्थ करेलिया भागात १९७० च्या सुमारास कमावत्या वयातले पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने दगावत होते. १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तिथे काम सुरू झाले. त्यांनी फक्त त्या पुरुषांना दवाखान्यात बोलावले नाही. लोणी आणि सायीचे दूध, मीठ, तंबाखू यांबाबत संपूर्ण समाजाची सवय बदलण्याचा प्रयत्न केला. गृहिणींच्या संघटना, दुग्धव्यवसाय, दुकानदार, शाळा सारे त्यात आले. पुढच्या काही दशकांत कामकरी वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. मध्यमवयीन माणसाचा धोका त्याच्या घरातल्या ताटात असतो, आणि त्या ताटात मुलेही जेवतात व आजी-आजोबाही.

याहीपेक्षा मागे जायचे, तर आईच्या पोटापर्यंत जावे लागते, आणि या विषयात पुण्याचे योगदान जगभर मानले जाते. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि मुले यांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळे लहान होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का होतो, याचा एक धागा इथे सापडतो. मात्र कमी वजनाच्या प्रत्येक बाळाला पुढे मधुमेह होईलच असे नाही. ही शक्यता आहे, विधिलिखित नाही. तसेच गर्भवतींच्या पोषणावर आज खर्च केला, तर त्याचे माप हातात यायला तीन-चार दशके लागतात, हे विश्वस्तांनी आधीच मान्य केले पाहिजे.

ज्येष्ठांचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यांची बाजू आपल्या बैठकीत चुकीच्या कारणासाठी मांडली गेली असे मला वाटते. सत्तरीच्या आतले मृत्यू ‘अकाली’ ठरवून २०३० पर्यंत ते एक-तृतीयांशाने कमी करण्याचे शाश्वत विकासाचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारले. त्यातून सत्तरीपुढची माणसे मोजणीबाहेर पडतात, अशी टीका वार्धक्याच्या अभ्यासकांनी केली आहे आणि ती मला पटते. त्या वयात उपचाराचा उपयोग नाही हा समजही चुकीचा आहे. ऐंशीच्या पुढच्या रक्तदाबाच्या रुग्णांवरील एक मोठी चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात औषध घेणाऱ्यांमधील एकूण मृत्यू सुमारे एक-पंचमांशाने कमी आढळले. तरीही ज्येष्ठांची खरी गरज नव्या तपासण्यांची नसते. एका माणसाला मधुमेह, गुडघेदुखी, मोतीबिंदू, कमी ऐकू येणे आणि विस्मरण एकत्र असते. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्यांवरची दहा-बारा औषधे तो घेत असतो आणि त्यांतल्या काहींमुळेच त्याला चक्कर येऊन तो पडतो. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख होते, दरवर्षी जवळपास १ कोटींची भर पडते, आणि त्यांतले ६० टक्क्यांहून अधिक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. त्यांचा सांभाळ बहुतेक ठिकाणी घरातल्या एखाद्या सुनेवर किंवा मुलीवर पडतो आणि तिचे वय असते पन्नास, आणि स्वतःचा रक्तदाब तिने तपासलेला नसतो.

म्हणजे मुलांत उपचार पोचत नाहीत, तरुणांत त्रास दिसत नाही, मध्यमवयात निदान होत नाही आणि वार्धक्यात काळजी घेणारे पुरत नाहीत. भार चारही ठिकाणी आहे, पण त्याचे स्वरूप वेगळे असल्यामुळे खर्चाचे स्वरूपही वेगळे ठेवावे लागेल.

आपल्या न्यासाने काय करावे, हे काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत. रक्कम एकदाच मिळणार आहे, की पाच-सात वर्षे मिळत राहील? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची औषधे नियमित मिळतात, की महिन्यातले पंधरा दिवस तुटवडा असतो? परिसर आदिवासी आहे, औद्योगिक आहे, की तरुण मुंबई-पुण्याला गेल्यामुळे मागे केवळ वृद्ध उरले आहेत? शेवटची परिस्थिती असेल, तर माझा पुढचा सल्ला बाजूला ठेवून सरळ घरभेटी देणाऱ्या परिचारिकेवर आणि काळजीवाहकांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा.

परिस्थिती सर्वसाधारण असेल आणि निधी सलग मिळणार असेल, तर मोठा वाटा मी तीस ते साठ वयातील रक्तदाब व मधुमेहाच्या निदानाला आणि मुख्यतः पाठपुराव्याला देईन. एक लहान पण न तुटणारा वाटा परिसरातील मधुमेही मुलांच्या इन्सुलिन व पट्ट्यांसाठी राखून ठेवेन, आणि सिकलसेलचा भाग असेल तर त्या रुग्णांसाठीही. इथे खंड पडला तर मूल दगावते, म्हणून ही रक्कम इतर कशासाठीही वळवू नये. महाविद्यालयासाठी समुपदेशकाचे अर्धवेळ मानधन शक्य असल्यास द्यावे. निधी एकदाच मिळणार असेल, तर नवे केंद्र उघडण्याऐवजी सरकारी केंद्राला चांगली रक्तदाब यंत्रे, नोंदणीची सोय आणि संध्याकाळच्या तपासणीसाठी मनुष्यबळ मिळवून द्यावे.

पुढच्या वर्षी कामाचा आढावा घेताना किती लोकांची तपासणी झाली हा आकडा विचारू नका; तो सहज फुगतो. गेल्या वर्षी नोंद झालेल्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी किती जण मागच्या तीन महिन्यांत परत आले आणि त्यांतल्या किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली होता, एवढे दोन आकडे पंचेचाळिशीच्या आतले आणि त्यापुढचे, पुरुष आणि स्त्रिया असे वेगळे करून मागा.